बर्फातली बेगमी

मी करंजा सोडलं तेव्हा माझ्या कपड्यांच्या बॅगेपेक्षा थर्माकोलची पेटी मोठी होती. सहाआसनी रिक्षाच्या मागच्या बाकावर बाबाने ती स्वतःच्या हाताने ठेवली, वरून ओलं गोणपाट टाकलं आणि ड्रायव्हरला दम भरला, "आदलू नको, पोरीचा जीव हाय त्यान." आई सुकटाची पिशवी घेऊन दारातच थांबली होती. उरणच्या एसटी स्टँडवर कंडक्टर म्हणाला, मासळी आत चालणार नाही. पेटीत माझं औषध आहे हे त्याला झाकण उघडून दाखवावं लागलं. चुरलेल्या बर्फात पार तळाशी इन्सुलिनच्या बाटल्या होत्या. मग त्याने मला खिडकी दिली.

दहावीत असताना माझा आजार निघाला. साखर म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं अशी गावाची समजूत, त्यामुळे मी शाळेतून चोरून गोड खाते असं बऱ्याच बायकांनी ठरवूनच टाकलं होतं. रोज दोनदा सुई, तीही जन्मभर, हे त्यांना सांगून पटायचं नाही. बारावीपर्यंत बाबा एकेक बाटली आणायचा. आमच्याकडे फ्रिज नव्हता. बाटली पाण्याने भरलेल्या मडक्याच्या गळ्याशी फडक्यात बांधून ठेवायची. सुई बोथट होईपर्यंत तीच वापरायची. "थंड ठेवा," एवढंच उरणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत घरात दमडी येत नाही, हे करंज्यात राहिलेल्यांना सांगायला नको. म्हणून त्याआधी बेगमी करायची. तांदूळ, लाकडं, सुके बोंबील. मी पनवेलला बीएस्सीला जाणार म्हटल्यावर बाबाने त्या वर्षी इन्सुलिनचीही बेगमी केली. शेवटच्या फेरीचा सगळा पैसा त्यात घातला. कॉलेज सुरू होईपर्यंत बाटल्या ओळखीच्या बर्फाच्या कारखान्यात, लाद्यांच्या मधोमध ठेवल्या. "बर्फान ठेवलेला काय बी नासत नाय, बाय," तो म्हणाला. मासळीवर जगलेल्या माणसाला थंड म्हणजे बर्फ, आणि जितका बर्फ जास्त तितका माल ताजा. आम्हा सगळ्यांना त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

पनवेलला मी एका चाचीकडे खोली घेतली. तिचा नवरा कुवेतला होता, घरात ती एकटीच. तिने फ्रिजच्या दारातला अख्खा कप्पा मला मोकळा करून दिला. "तुझी दवा इथे, माझी अंडी खाली," म्हणाली. मला वाटलं, आता सुटले. थंडगार फ्रिज, भरलेला कप्पा, समोर कॉलेज. गावाहून निघालेल्या पोरीला आणखी काय लागतं?

पण मला तहान लागायला लागली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे आणि लेक्चरमधून सारखी उठून जायचे. कपडे सैल झाले. मी भात सोडला, मग चपाती निम्मी केली, मग सुईचा डोस वाढवला. रक्त तपासायला लॅबमध्ये जायचं तर पुन्हा पैसे, आणि घरी होड्या किनाऱ्याला. माझं इन्सुलिन मुळात दुधासारखं गढूळ दिसणारं, त्यामुळे आत बारीक दाणे धरलेत हे मला कळलंच नाही. शेवटी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मी बेसिनमध्ये ओकले आणि तिथेच कोसळले.

सरकारी दवाखान्यात आयसीयूची खाट नव्हती. चाचीने मला रिक्षात घालून खाजगी हॉस्पिटलात नेलं. काउंटरवरच्या मुलीने आधी मेडिक्लेम विचारला. तो काढायला बाबा कधीच गेला होता, पण आधीपासून आजार असलेल्याला कोणी घेत नाही म्हणून परत आला होता. कॉलेजचा विमा होता, पण फक्त अपघाताचा. एसटीखाली सापडले असते तर माझी काहीतरी किंमत होती.

बाबा पोचला तेव्हा मी शुद्धीवर आले होते. चाचीने फ्रिजमधल्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी एक उजेडात धरली आणि विचारलं, "हे कशात ठेवलं होतं?"

"बर्फान," बाबा जरा ताठ होऊनच म्हणाला.

"अहो, गोठलं की संपलं. हे टोचून न टोचून सारखंच."

"सगलाच?"

"सगळं."

जन्मभर ज्या हातांनी बर्फ भरला ते हात बाबाने शर्टाला पुसले, पुन्हा पुसले. मी "बाबा" म्हणून हाक मारली, पण तो बाहेर निघून गेला.

होडीतला आमचा भाग काकाने घेतला आणि बिल भागलं. आता बाबा त्याच होडीवर खलाशी म्हणून जातो. माझं कॉलेज त्या पावसाळ्यातच सुटलं, ते पुन्हा जमलं नाही. मी पनवेलच्याच एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरला लागले. इन्सुलिन घ्यायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगते, फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. माझं मी अजून एकेक बाटलीच घेते. डोळ्यांपुढे काळे ठिपके येतात, त्याची तपासणी गेल्या वर्षीपासून पुढे ढकलते आहे. बरं होईल असं आता वाटत नाही.

करंज्याहून निघालेले आपण भेटलो की घरची आठवण काढतो. जेटी, पालखी, ताजी मासळी. मी त्यात फारसं बोलत नाही. माझं घर अधूनमधून माझ्याकडे येतं. बाबा बोंबील घेऊन येतो, ओल्या गोणपाटात गुंडाळून, बर्फ न घालता. बंदराच्या कंटेनर ट्रकांच्या रांगांतून एसटी पनवेलला पोचेपर्यंत बोंबलाचं पाणी झालेलं असतं. "बर्फ का नाही घातलास?" मी एकदाच विचारलं. "मना त्याचा भरोसा नाय," म्हणाला. चाची नाकाला ओढणी लावते, "फेक ते बेटी" म्हणून खुणावते. मी हळद, मीठ, जास्तीची चिंच लावून ते शिजवते आणि त्याच्यासमोर बसून खाते.

"ताजे हायेत नं?" तो विचारतो.

लांबून वासावर मासळी किती दिवसांची ते सांगणारा माझा बाबा. मी म्हणते, "ताजेच आहेत." तो मान हलवतो आणि आम्ही दोघं जेवतो.