ठमीचा उजवा कान

आमची ठमी हाकेला कधी येत नाही. खिडकीत पाठमोरी बसून राहते. वळतो तो फक्त तिचा उजवा कान. मांजराच्या जातीला इतका ताठा बरा नव्हे, असं मी तिला कितीदा सुनावलंय.

परवा हाक मारली आणि कानही वळला नाही. मान तिरकी धरून ती सारखी डोकं झटकत होती. कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ दिसला, वासही येत होता. सवयीने मी खोबरेल कोमट केलं. आमच्या घरी सगळ्यांच्या कानांवर तोच उपाय. पण कानाला बोट लागताच ती कळवळली, तेव्हा वाटी तिथेच ठेवून तिला डॉक्टरांकडे नेलं.

“तेल नाही ना घातलंत?” त्यांनी आधी तेच विचारलं. “मान तिरकी दिसली, की घरचे उपाय बंद. थेट इकडे आणायचं.”

आठवडाभर औषधाचे थेंब घातले, ओरखडे खाल्ले. आज हाक मारली. ठमी जागची हलली नाही, पण कान वळला. इतकी वर्षं मी ज्याला ताठा म्हणत होते, ती तिची ओ होती.

काही काम नसताना मी आणखी एकदा हाक मारली.