दादासोबत माल्ट्याला

वहिनी गेल्यानंतर दादा आपल्या लेकीशी फोनवर दोनच वाक्यं बोलायचा. "जेवलीस का?" आणि "बरं, ठेव."

एकुलती एक लेक. मिरजेला नर्सिंग शिकली आणि माल्टा नावाच्या बेटावर म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला लागली. भूमध्य समुद्रातलं हे बेट एवढंसं, की आमच्या कराडहून सांगलीला यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत त्याचं एक टोक सोडून दुसरं गाठता येतं. वहिनींना कॅन्सर झाला तेव्हा ती मधे एकदा येऊन गेली. शेवटाला मात्र आली नाही. तिथं राहायच्या परवान्याचं तिचं कार्ड नव्याने व्हायला दिलं होतं. ते हातात यायच्या आत बेट सोडलं, तर परत आत घेतील याची खात्री कुणी देत नव्हतं. दादाने हे सगळं ऐकून घेतलं, पण समजून काही घेतलं नाही.

मी त्याचा धाकटा भाऊ. सांगलीत जळालेल्या पंपाच्या मोटारी रिवाइंड करून द्यायचं माझं दुकान आहे. दादा सैन्यात तोफखान्यात होता. सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि कृष्णाकाठी आमच्या गावात ऊस करू लागला. वहिनी गेल्यावर त्या घरात तो एकटाच.

एक दिवस पुतणीचा मला फोन आला. "काका, आबांना घेऊन या. मी सुट्टी काढते. सगळं बेट दाखवते."

बेट हे निमित्त होतं, ते मला कळलं. दादा नको म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "तू येनार असशील तर येतो. मला एकट्याला तिच्यासंगं काय बोलायचं सुधरायचं न्हाई."

विमानतळावर ती घ्यायला आली होती. बापाच्या पाया पडली. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच बॅग उचलायला वाकला.

तिने प्रत्येक दिवस गच्च भरून ठेवला होता. सकाळी बाहेर पडायचं ते अंधार पडायच्या वेळेला परत. आधी मला वाटलं, हौस आहे. मग लक्षात आलं, घरात तिघांनी समोरासमोर बसायची वेळच येऊ नये अशी ती सोय होती. पिवळ्या दगडाचं तटबंदीचं जुनं शहर पाहिलं. बंदरातून होडीने पलीकडे गेलो. मासेमारांच्या गावात होड्यांच्या नाकाडावर दोन-दोन डोळे रंगवलेले होते, ते पाहिले. समुद्राकाठच्या खडकात चौकोनी खाचा खणून त्यात पाणी आटवून मीठ करतात, तेही पाहिलं. दादा सगळीकडे मुकाट यायचा आणि जे सांगायचं ते मला सांगायचा.

"हिला इचार, हितं पाऊस किती पडतो."

ती दोन हातांच्या अंतरावरच उभी असायची. मी तिच्याकडे बघायचो, ती मला उत्तर द्यायची आणि दादा मान हलवायचा.

बेटाच्या आतल्या भागात गेलो तेव्हा मात्र त्याला कंठ फुटला. उघडे माळ, रचलेल्या दगडांचे बांध, बांधावर फड्या निवडुंग आणि त्याला लागलेली लाल बोंडं. "गड्या, हे तर दहिवडीच्या पलीकडचं माण दिसतंय! निस्ती मेंढरं न्हाईत." तिथलं नळाचं पाणी समुद्राचं मीठ काढून केलेलं असतं, असं पुतणीने सांगितलं, तेव्हा तो हसलाच. "चारी अंगानं पाणी आन प्यायला थेंब न्हाई. जतला बरं म्हनायचं. तिथं निदान टँकर तरी येतो."

एका दुपारी तिने आम्हाला तटावर नेलं. तिथं बारा वाजता जुन्या पोशाखातले गडी तोफ उडवतात. लोक मोबाइल घेऊन कठड्याला रेललेले. तोफ उडाली, धूर बंदरावर पसरला. शेजारी बघतो तर दादा सावधान उभा. हनुवटी वर, मुठी मांड्यांना लागलेल्या. पुतणीने ते पाहिलं आणि ती हसली. लहानपणी हसायची तशी, तोंडावर हात घेऊन.

"काय गं?" दादा तिला म्हणाला. सरळ तिला.

"काय न्हाई, आबा. तुमी सलाम ठोकताय की काय वाटलं."

"तोफंला कुनी सलाम ठोकतं व्हय?" तो म्हणाला, पण त्याचा आवाज सैल झाला होता. त्या रात्री मी बायकोला फोनवर सांगितलं, होईल सगळं नीट.

दुसऱ्या दिवशी पोहायला गेलो. तिथं वाळू नव्हती. सपाट पांढरा खडक सरळ पाण्यात उतरलेला आणि उतरायला लोखंडी शिडी. ऑक्टोबर असूनही पाणी कोमट होतं आणि इतकं नितळ, की तळातले दगड दिसत होते. गर्दी नव्हती. थोड्या अंतरावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. पुतणीने चपात्या आणि बटाट्याची भाजी करून आणली होती. जेवलो. आणि जेवता जेवताच विषय निघाला.

दादा म्हणाला, "तुज्या आईला समुद्र बघायचा हुता. कोकनात सुदीक कवा नेलं न्हाई मी."

तिने डबा झाकला. "मी बोलवत हुते की. तिला एकदा आणायचं म्हनून किती..."

"बोलवत हुतीस. शेवटाला तिनं तुला बोलवलं तर तू आली न्हाईस. आठवडाभर दाराकडं बघत पडली हुती."

"मला म्हायती हाय, आबा."

"म्हायती हुतं तर?"

"आवं, कार्ड गेलं असतं माजं! परत येता आलं नसतं."

"नसतं आलं. मग काय झालं असतं?"

तिने पाठ फिरवून डबे जवळ ओढले. मी म्हणालो, "दादा, आता पुरे." तो उठला. शर्ट काढून त्याची नीट घडी घातली, त्यावर चष्मा ठेवला. शिडीवरून उतरताना माझ्याकडे वळून म्हणाला, "येतोस का रं?" मी म्हणालो, "तू हो पुढं."

कृष्णेत पोहत वाढलेला माणूस. पुराच्या पाण्यात या काठावरून त्या काठाला जायचा. हात लांब टाकत तो बराच पुढे गेला. मग उताणा झाला आणि पाण्यावर पडून राहिला. लहानपणीही दमला की असाच पडायचा. आम्ही काठावरून खडे मारायचो, तरी हलायचा नाही. म्हणून मी नुसता बघत राहिलो. पुतणी पाठमोरी बसून डबे पुसत होती.

आधी उठला तो गळवाला म्हातारा. काहीतरी ओरडला, आम्हाला कळलं नाही. तोवर दादाचं तोंड पाण्याखाली गेलं होतं.

म्हाताऱ्याने कपड्यांसकट उडी घेतली. मीही घेतली. दोघांनी मिळून त्याला शिडीपर्यंत ओढत आणलं, वरून पुतणीने काखेत हात घालून खेचलं. खडकावर निजवल्याबरोबर तिने गुडघे टेकले आणि त्याची छाती दाबायला सुरुवात केली. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ती कामावर असते तेव्हा असाच असणार, असं वाटलं. मधे कडकन आवाज आला. बरगडी होती. ती थांबली नाही. मी म्हणालो, "अगं, हळू." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, फोन लावा." तो म्हातारा आधीच लावून मोकळा झाला होता आणि ओल्या अंगाने उभा राहून हातवारे करत जागा सांगत होता.

ॲम्ब्युलन्सवाले आले. तिने त्यांना दादाचं वय सांगितलं, रक्तदाबाची गोळी सांगितली, काय काय झालं ते क्रमाने सांगितलं. ते तिला बाजूला हो म्हणाले, तेव्हा कुठे ती बाजूला झाली. मग तिने दादाचा घडी केलेला शर्ट उचलला आणि हातात धरून उभी राहिली.

पाणी छातीत गेलं ते नंतर. आधी हृदय बंद पडलं, असं तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगितलं. पोलीस आले, सभ्यपणे बोलले, कागद घेऊन गेले. आणि मग वाट बघणं सुरू झालं. दादा दवाखान्याच्या शीतपेटीत. वकिलातीचा कागद, पोलिसांचा कागद, विमान कंपनीचा कागद. एक आल्याशिवाय दुसरा नाही. दहनाची सोय बेटावर होईल का, विचारलं, तर नाही म्हणाले. पुरायचं असेल तर लवकर होईल. गावाकडून कुणीतरी सुचवलं, तिकडंच माती द्या, कशाला हाल. माझी बायको फोनवर रडत म्हणाली, "आवं, त्यास्नी तिथं एकट्याला ठिवून येऊ नका." मी ठरवलं, न्यायचं.

त्या दिवसांत काय करायचं हे कुणी सांगत नाही. खोलीत बसवत नव्हतं. दोन दिवस मी भिंतीकडे बघत काढले. तिसऱ्या सकाळी पुतणी चपला घालून दारात उभी राहिली.

"काका, शेजारच्या धाकट्या बेटावर जायची तिकिटं काढलेली हायत. जाऊया."

मला राग आला. "लाज वाटत न्हाई? बाप तिथं पडलाय."

"मग हितं बसून काय हुतंय?" ती म्हणाली. "मी आज बसले तर उठायची न्हाई."

गेलो. मोठ्या होडीत सहलीला आलेली माणसं होती. कुणी आइसक्रीम खात होतं, कुणी एकमेकांचे फोटो काढत होतं. एका बाईने आमच्या हातात मोबाइल देऊन आपल्या कुटुंबाचा फोटो काढून मागितला. पुतणीने काढून दिला. वारा होता. आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो आणि तिथं ती बोलली. मला न विचारता, एका दमात.

"काका, आमच्या आश्रमात म्हातारं कुनी गेलं की शेवटची आंघोळ आमी घालतो. कितीजनांना घातली मी. पैल्यांदा भ्याले, मग सवय झाली. केस विंचरते, नखं काढते. त्यांची पोरं लांब असत्यात, लवकर येत न्हाईत. आन माज्या आईला कुनी घातली? शेजारच्या बायकांनी."

धाकट्या बेटावर उतरून आम्ही मोठ्या घुमटाच्या चर्चपर्यंत चालत गेलो, आत बाकावर टेकलो आणि परतीच्या होडीने आलो. काय पाहिलं ते मला आज सांगता येणार नाही.

दादाला शवपेटीत ठेवायच्या आदल्या दिवशी तिने शवागारातल्या माणसाला विनंती केली. मी नर्स आहे, मला माझ्या वडिलांना आंघोळ घालू द्या. तो जरा विचारात पडला, मग बाजूला झाला. गार खोली, स्टीलचं टेबल, वर पांढरी ट्यूब. तिने हातमोजे घातले, परत काढून टाकले. कोमट पाणी मागून घेतलं. मला म्हणाली, "काका, हात उचलून धरा." मी दादाचा हात धरला. लाकडासारखा जड आणि गार. छातीवर तिच्याच हातांचे काळे-निळे डाग उमटले होते. त्यावरून तिने कापड फिरवलं तेव्हा तिचा हात थांबला, तेवढाच. मग काखा, पाठ, पाय, बोटांच्या बेचक्या. चेहरा शेवटी. मिशी ओल्या फणीने सारखी केली. सबंध वेळ ती त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. "आबा, आता पाठ. आता कूस बदलूया." तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलत असेल तसंच. ती रडली नाही. मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि लहान पोरासारखा रडलो.

तिचं कार्ड त्या वेळीही नव्याने व्हायला दिलेलं होतं. मला ते माहीत नव्हतं. विमानतळावर रांगेत उभं असताना तिने सांगितलं.

"मग तू नको येऊ," मी म्हणालो. "मी नेतो दादाला. तुजं सगळं जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि पासपोर्ट पुढे केला.

मुंबईहून गाडी गावात आली तेव्हा घाटावर माणूस मावत नव्हतं. माजी सैनिकांनी तिरंगा आणला होता. अग्नी मी दिला. बायका कुजबुजत होत्या, त्या तिला ऐकू जातील एवढ्या मोठ्याने. "आईला आली न्हाई, बापाला आली." एका म्हातारीने तर तोंडावरच विचारलं, "बाय, तवा का गं आली न्हाईस?" ती म्हणाली, "चुकलं, आजी."

माल्ट्याहून फोन आला तो तेराव्याच्या आसपास. कार्डाचा अर्ज बंद केला होता, आश्रमात तिच्या जागेवर दुसरी मुलगी घेतली होती. खोलीतलं सामान तिच्या मैत्रिणीने दोन बॅगांत भरून कुणा येणाऱ्याबरोबर पाठवलं.

आता ती मिरजेच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात काम करते. पगार तिथल्या मानाने काहीच नाही, पाळ्या मात्र लांब. दादाचं घर कुलपात आहे. ऊस मी वाट्याने दिलाय. सुट्टीच्या दिवशी ती सांगलीला आमच्याकडे जेवायला येते. मध्यंतरी माझी बायको वाढता वाढता सहज म्हणाली, "शेवटी दादांच्या मनासारखं झालं बघ. पोरगी घरी आली."

पुतणीने घास ताटात ठेवला. "काकू, असं परत म्हनू नका."

पुतणी खाली मान घालून उरलेलं सगळं जेवली, ताट स्वतः घासलं. मी तिला सोडायला गाडी काढली. वाटेत ती म्हणाली, पुन्हा बाहेर जायचं बघतेय, अर्ज केलेत.

"कुठं?"

"जिथं घेतील तिथं."

दवाखान्याच्या फाटकापाशी उतरली आणि ओळखपत्र गळ्यात अडकवत आत गेली.