भांडं रिकामं परत यायचं

व्हर्लिन टॉलेफसनने एकतीस वर्षं आमच्या गावच्या शाळेची बस चालवली. बर्फात एकदाही बस रस्त्यावरून घसरू दिली नाही, आणि कुणी प्रेमानं दिलेलं कधी नाकारलं नाही. हा दुसरा गुण त्याला भोवला. भोवला तो आमच्यामुळे, हे मी आधीच सांगून टाकते.

त्याच्या बायकोची, आर्डिसची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. व्हर्लिनचं तिला जुळत होतं. पण डॉक्टर म्हणाले, आधी तीस पौंड वजन उतरवा, नाहीतर मूत्रपिंड काढायला आम्ही तुम्हाला घेणार नाही.

ऑक्टोबर होता. दुसऱ्याच दिवसापासून व्हर्लिन मॉलमध्ये चालायला लागला. मिनेसोटाच्या थंडीत आम्ही म्हातारी माणसं तिथेच चालतो, दुकानं उघडायच्या आत. आम्ही दोन फेऱ्या मारून कॉफीला बसायचो, तो दहा मारायचा. गुडघे सुजले तरी थांबला नाही. अरे, फरशी झिजेल, असं मी चिडवायचे.

इकडे आम्ही चर्चच्या बायकांनी वार वाटून घेतले होते. घरात आजारपण आलं की शेजारणींनी हॉटडिश पोचवायची, ही आमची रीत. खिमा, बटाटे, वर डब्यातलं मलईदार सूप, आणि सगळं ओव्हनमध्ये खरपूस भाजलेलं. भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी. भांडं धुऊन, रिकामं परत यायचं. माझा गुरुवार होता.

आर्डिसला त्यातलं मीठही वर्ज्य आणि बटाटाही. मग ते खात कोण होतं? आम्हा सात जणींपैकी एकीलाही हा प्रश्न पडला नाही. भांडी चकचकीत परत यायची आणि आम्ही खूश.

जानेवारीत त्याचं वजन केलं. चारच पौंड उतरले होते. आहारतज्ज्ञ बाईंनी खाण्याची चौकशी केली आणि सांगितलं, चालणं सोडू नका, ते हृदयाला चांगलं. पण वजन उतरेल ते मुख्यतः ताटातून. मॉलच्या बाकावर बसून, मान खाली घालून त्यानं मला हे सांगितलं.

"मग आम्हाला नको म्हणायला काय झालं होतं?" मी म्हटलं.

"एवढं मायेनं आणता तुम्ही. टाकून देऊ?"

त्याच दुपारी सगळ्या जणींना फोन करून मी हॉटडिश बंद केली. व्हर्लिन उकडलेली अंडी आणि कोबीवर आला. मार्चअखेर एकवीस पौंड उतरले. नऊ राहिले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आर्डिसच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि ती तीन दिवसांत गेली. आमच्या मायेनं तिचे तीन महिने खाल्ले. मला कुणी समजावू नका, माझं खूप रडून झालं आहे.

दफनानंतर त्याच्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? दुसरं काही सुचेना, म्हणून मी हॉटडिशच नेली. त्याची लाज मला जन्मभर पुरेल.

मे महिन्यात तो भांडं परत द्यायला आला. धुतलेलं होतं. सदरा अंगावर लोंबत होता. खाल्लंस ना, असं मी विचारलं.

"नाही. या वेळी टाकलं. माफ कर."

मी आत बोलावलं, पण तो पायरीवरच उभा राहिला.

"सकाळी वजन केलं," तो म्हणाला. "एकतीस उतरलंय. आता घेतील ते मला."