निळ्या पलटणीचे दात

त्यांना सगळे 'कवळीवाल्या वहिनी' म्हणत, आणि वहिनींना त्याचा राग नव्हता. दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी हयातभर लोकांचे दात घडवले होते. नोकरी संपली, पण हात स्वस्थ बसेनात. मग त्यांनी शिशाचे जुने खेळण्यातले शिपाई हाती घेतले. कुणाची मान तुटलेली, कुणाचा घोडा लंगडा. वहिनी हातमोजे चढवायच्या, खिडकी उघडायच्या आणि थिनरने जुना रंग उतरवायच्या. तुटक्या मानेत बारीक भोक पाडून टाचणीचा तुकडा बसवायचा, त्यावर डोकं. मग प्रायमर, मग रंग.

रविवारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत हे शिपाई लढत. लांबलचक टेबल, थर्मोकोलच्या टेकड्या, निळ्या कागदाची नदी. चाल मोजपट्टीने मोजायची, निकाल फाशांनी लावायचा. एक नियम सगळ्यांना पाठ होता. ज्याचा रंग पुरा नाही, तो शिपाई टेबलावर नाही.

या रविवारी वहिनींची गाठ भावजींशी, म्हणजे धाकट्या दिराशी होती. सासऱ्यांची एक निळी पलटण होती. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा दोघा भावांनी तीही अर्धी-अर्धी घेतली. वहिनींचे यजमान तेव्हापासून हळहळत होते. आता पैज लागली होती. जिंकेल त्याच्या घरी अख्खी पलटण, हरेल त्याच्या घरी रिकामा डबा. यजमानांना फासे कधी वश झाले नाहीत, म्हणून लढायचं वहिनींनी.

आपली अर्धी पलटण नव्याने रंगवताना आठवडाभर वहिनींनी मान वर केली नाही. डगले निळे, बटणं पिवळी, चेहरे गव्हाळ. रविवारी सकाळी यजमानांनी चष्मा लावून रांगेकडे पाहिलं.

"अगं, हे हसतायत का?"

"कोण?"

"सगळेच!"

वहिनींनी भिंग लावलं. प्रत्येक शिपायाला दात होते. पांढरे, सुबक, एका ओळीत. वर गुलाबी हिरडीची रेघसुद्धा. लढाईला निघालेली माणसं फोटोला उभी राहिल्यासारखी दिसत होती.

"अहो, माझ्या ध्यानातच आलं नाही. हात आपोआप गेला."

"खरवडून टाक."

"खरवडलं तर तोंडं उघडी पडतील. नवा रंग वाळायचा कधी? पंचबाई टेबलाला शिवू द्यायच्या नाहीत."

तशीच पलटण डब्यात भरून दोघं निघाले.

भावजींनी ती पाहिली मात्र. "वहिनी, हे लढायला आलेत की पाहुणचाराला?"

"तुम्हाला बघून हसू आवरत नाही त्यांना."

"पंच, ही काय थट्टा आहे?"

पंच म्हणजे गणिताच्या निवृत्त बाई. त्यांनी एकेक शिपाई उलटसुलट करून पाहिला. "रंग पुरा आहे. हसू नये असा नियम नाही. करा सुरुवात."

वहिनींनी टेकडी घेतली, पूलही घेतला. भावजींचे घोडेस्वार मात्र हटेनात. शेवटी पूल राखायला पाच नाहीतर सहा हवे होते. वहिनींनी फासा टाकला. एक पडला. यजमानांकडे त्यांना बघवेना.

भावजींनी मिशीवर ताव दिला. आपल्या वाटणीचे निळे शिपाई डब्यातून काढून हसऱ्यांच्या शेजारी मांडले. किती वर्षांनी पलटण पुरी झाली. मग त्यांचा हात थबकला. अर्धी पलटण खदाखदा हसत होती. उरलेल्या अर्धीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. ती त्यांनी स्वतः रंगवली होती.

"दादा, माझ्यांचं कुणी गेलंय का रे?"

"तुझ्यावर गेलेत," यजमान म्हणाले.

पंचबाई आधी फिसकन हसल्या. मग भावजींनाही हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी सगळे शिपाई वहिनींच्या डब्यात भरले.

"घ्या वहिनी. माझ्यांनाही दात बसवा. सगळेच न्या, रंग जुळायला हवा. पण परत हवेत हं! जिंकलोय मी."

"देईन की. एकेकाचं माप घ्यावं लागेल. घाई केली तर टोचतात."

"किती दिवस लागतील?"

"तुमच्या कवळीला किती लागले होते?"

"सहा महिने!"

"ती एकच होती, भावजी."

भावजी पुढचं काही बोलणार, तोवर यजमान डबा छातीशी धरून जिना उतरायला लागले होते.