ध्रुवाजवळची लाट आणि झिलूमामांचा कोयता

अणशीच्या झिलूमामांच्या कंबरेला मागं आकडी आणि आकडीत कोयता कायमचा. तो अंगावर आहे की नाही, हे त्यांचं त्यांनाही कळत नाही. आणि नेमका हाच माणूस चार वर्षं राखण करतो ती अशा खोपीची, जिथं लोखंड चालत नाही. आत पृथ्वीच्या चुंबकत्वाची बारीक थरथर टिपणारं यंत्र आहे. कोयता फाटकाबाहेरच्या फणसाला अडकवायचा, मग आत जायचं, असा नियम.

मी रामनगरचा जीपवाला. त्या यंत्राची नोंद तपासणाऱ्या श्वेता मॅडमना दर महिन्याला तिथं नेतो. मार्चमध्ये त्यांनी नोंद उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. एका सकाळी नोंदीतली रेघ तासभर संथ झोके घेत होती, दर पाच मिनिटांनी एक.

"असे संथ झोके ध्रुवाकडचे. ध्रुव आणि विषुववृत्ताच्या मधल्या मुलखात ते लहान होतात, भरभर येतात. मग इथं हे कुठून आलं? मामा, तेव्हा काय करत होता?"

"वणव्याच्या भ्यानं पाला लोटीत हुतो. खोपीभोवती फेऱ्या मारून."

"फेरीगणिक लोखंड जवळ आलं तर रेघ अशीच हलेल. कोयता कंबरेला होता का?"

मामांचा हात मागं गेला. "भाईर ठेवला असंल. न्हाई... कमरेला बी असंल. कळंना. माझीच चूक धरा."

मॅडमनी तो दिवस बाद केला. अशा नोंदी वाढल्या तर खोपी बंद होईल, हेही सांगितलं. मामा बिचारे हादरले. महिनाभर फोन करून मलाच विचारायचे, "कोयता हुता काय रे?" मी रामनगरात बसून काय सांगणार, कपाळ!

पुढच्या खेपेला मॅडमनी त्याच सकाळच्या तीन ठिकाणच्या रेघा शेजारीशेजारी मांडल्या. ध्रुवाजवळची, मधल्या मुलखातली आणि आमची. ध्रुवाजवळचा झोका हातभर, मधला बोटभर, आमचा जेमतेम भाताच्या दाण्याएवढा. पण तिन्हींचा ताल एकच, अगदी मिनिटामिनिटाला.

"सगळीकडं एकच ताल, असं क्वचित होतं. म्हणजे ही लाट ध्रुवाकडूनच इथवर आली. मामा, कोयता नव्हताच तुमच्याकडं."

मला हायसं वाटलं. मामा मात्र आणखीच गोंधळले.

"मग मी असंल म्हटलं ते खोटं. आनी आदी कितींदा न्हाई म्हटलं, त्ये तरी खरं काय?"

मॅडम हसून म्हणाल्या, "काळजी सोडा. यापुढं तुम्हाला विचारणारच नाही. ध्रुवाकडच्या रेघेशी ताडून बघीन."

त्या चांगल्या मनानंच बोलल्या. नोकरीही राहिली होती. तरी मामांचा चेहरा पडला तो पडलाच, आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

जीप सुरू केली तेव्हा ते खिडकीशी आले.

"मॅडम, इचारत जावा. चुकीचं सांगीन एकांद्या वेळी. पन इचारत जावा."