धूसर व्हायला चाळीस सेकंद

स्लायडर सरकवला आणि ब्राउझर गोठला. चाळीस सेकंदांनी फोटो धूसर झाला, तोही ‘स्क्रिप्ट थांबवायची का?’ असं दोनदा विचारून. डेमो दुसऱ्या दिवशी दुपारी होता.

२००७ सालची गोष्ट. अमेरिकेत, पार्सिपनी गावातली आमची छोटी कंपनी शाळांची इयरबुक्स, म्हणजे वर्षभराच्या फोटोंची पुस्तकं, छापणाऱ्या एका क्लायंटसाठी वेबसाइट करत होती. मुलाचा चेहरा सोडून फोटोतलं मागचं सगळं धूसर करायचं, आणि स्लायडर सरकेल तसा ब्लर डोळ्यांदेखत वाढायला हवा. मीटिंगमध्ये क्लायंटबाईंनी विचारलं, “जमेल?” काहीही न तपासता मी “नो प्रॉब्लेम” म्हणून मोकळा झालो. साहेबांसमोर नाही म्हणायचं नाही, हे पुण्यातल्या पहिल्या नोकरीतच अंगवळणी पडलं होतं.

आता मॅनेजर डेव्ह टेबलापाशी आला. “हे काँट्रॅक्ट गेलं, तर मला तुला ठेवता येणार नाही.”

माझा व्हिसा या नोकरीवर. मुलीची शाळा नुकतीच सुरू झालेली. मी पार घाबरलो.

शेजारी नागपूरची स्वाती बसायची. “कोड दाखव यार,” ती म्हणाली.

ब्लर म्हणजे सरासरी. फोटो रंगीत ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्याला आजूबाजूच्या ठिपक्यांचा सरासरी रंग द्यायचा. माझा कोड एकेका ठिपक्यासाठी शेजारचे सोळाशेहून जास्त ठिपके मोजत बसला होता.

कोड बघून स्वाती म्हणाली, “अरे, आधीच्या ठिपक्याची बेरीज हातात आहे ना? एक घर पुढे गेलास की मागचा एक सुटतो, पुढचा एक येतो. तेवढंच वजा कर, मिळव. बाकीचे परत कशाला मोजतोस? आधी आडव्या रांगा कर, मग उभ्या.”

संध्याकाळपर्यंत बदल केला. आता ब्लर कितीही वाढवा, काम तेवढंच राहत होतं.

डेमोत बाईंनी स्लायडर टोकापर्यंत ओढला, मागे आणला, पुन्हा ओढला. झाडं, भिंत, बाक भराभर पुसट होत गेले. पोराचं हसू मात्र स्वच्छ.

“गुड. आता फॉन्ट बघू,” त्या म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. पार्किंग लॉटमधून बायकोला फोन केला. “राहतोय आपण.”

ती म्हणाली, “थांब, आधी बॅगा परत क्लॉझेटमध्ये टाकते.”

तेव्हापासून काही मंद चाललं की मी मशीनला शिव्या देत नाही. तेच काम त्याच्याकडून किती वेळा करून घेतोय, ते आधी मोजतो. आकडा बहुतेक वेळा लाजिरवाणा निघतो.