दुखतंय तिथे बोट ठेवा

"डोन्ट टेल मी," डॉक्टर जेकब म्हणाले. "शो मी. वन फिंगर."

मी तपासणीच्या टेबलावर उताणा पडलो होतो. बराच वेळ मी त्यांना माझ्या कोल्हापुरी हिंदीत दुखणं समजावत होतो आणि ते केरळचे असल्यामुळे सगळं त्यांच्या डोक्यावरून जात होतं. प्रिया, माझी बायको, समोरच्या खुर्चीत बसली होती. नर्स पाठमोरी होती. तेवढी संधी साधून मी उजव्या जांघेत, मांडी संपून पोट सुरू होतं त्या घडीत, बोट ठेवलं.

डॉक्टरांनी माझा गुडघा धरून पोटाकडे वर घेतला आणि आतल्या बाजूला वळवला. मी जो ओरडलो तो बाहेर वेटिंग रूमपर्यंत ऐकू गेला, असं प्रिया आजही सांगते.

"हू टोल्ड यू थाय?" फिजिओची चिठ्ठी उचलून डॉक्टर म्हणाले. "धिस इज हिप."

कुणी सांगितलं? मीच. तेही दोन महिने, रोज, हिंदीतून.

आधी माझ्या धंद्याविषयी सांगतो, कारण गावाकडे अजून कुणालाच तो नीट कळलेला नाही. मी अमेरिकन फुटबॉलमधला प्लेसकिकर आहे. या खेळात हेल्मेट घातलेली दांडगी माणसं एकमेकांना रेटत असतात. मी बहुतेक वेळ बाकावर बसून असतो. गाडी अडली की कोच माझ्याकडे बघतो. मी आत जातो. एकजण मागे चेंडू फेकतो, दुसरा तो झेलून जमिनीवर उभा करतो आणि वरच्या टोकाला एक बोट लावून धरतो. त्याला होल्डर म्हणतात. मी पळत येऊन लाथ घालतो. चेंडू दोन खांबांमधून गेला तर तीन गुण, नाही गेला तर पराभवाचं खापर माझ्या डोक्यावर.

कोल्हापुरात आमच्या पेठेच्या संघात मी फुलबॅक होतो. माझी गोलकिक थेट पलीकडच्या पेनल्टी बॉक्समध्ये पडायची. पण त्यावर घर चालत नाही, म्हणून दुबईला आलो आणि अल क्वोजमधल्या एका गोदामात लॉजिस्टिक्सची नोकरी धरली. एकदा हेल्मेटांची शिपमेंट कस्टम्समध्ये अडकली आणि ती सोडवायला आमचा आताचा कोच खुद्द येऊन बसला. वेळ जाईना, म्हणून त्याने पिशवीतून तो लांबुळका चेंडू काढून माझ्या हातात दिला. मी अंगणात नेऊन लाथ घातली. चेंडू गोदामाच्या छपरावरून पलीकडे गेला आणि आजतागायत सापडलेला नाही. नंतर आखातात पगारी लीग सुरू झाली, तेव्हा कोचने करार पुढे केला. अशा रीतीने मी नोकरीला लाथ मारून लाथा मारायची नोकरी धरली. वडिलांना ते अजून पटलेलं नाही.

दुखणं हंगामाच्या मध्यावर सुरू झालं. सराव संपवून गाडीत बसताना आत कुठेतरी चिमटा बसायचा. पुढे चमक यायला लागली. आमचे फिजिओ दुबेजी कानपूरचे. भला माणूस, हात सोन्याचा. त्यांनी विचारलं कुठे दुखतंय, मी म्हणालो, "जांघ में." झालं. त्यांनी मांडी दाबली, किकरची मांडी कायम आखडलेलीच असते, तीही दुखली. मग मांडीला बर्फ, मांडीला पट्ट्या, मांडीला मालिश. मला वाटायचं, जांघेचं दुखणं मांडीतून काढायची ही काहीतरी शास्त्रीय पद्धत असेल. भर ड्रेसिंग रूममध्ये, सगळ्यांच्या देखत, जांघेवर बोट ठेवून दाखवायची मला लाज वाटली हेही खरं. मी मारत राहिलो आणि आतलं वाढत राहिलं. शेवटी एका मॅचमध्ये शाळकरी पोरानेही मारावी अशी सोपी किक चुकली आणि मी तिथेच बसलो.

हॉस्पिटलातून परतल्यावर दुबेजींना गाठलं. त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "भैया, जांघ तो ये है."

"और ये?" मी जांघेकडे बोट केलं.

दुबेजींनी जरा विचार केला. "इसका तो हमारे यहाँ नाम ही नहीं लेते."

मराठीत जांघ एका जागी आणि हिंदीत एक वीत खाली. मधल्या त्या वीतभर जागेत माझा हंगाम गेला. प्रियाने एका म्हणीत निकाल लावला: आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

पुढच्या आठवड्यात एमआर आर्थ्रोग्राम झाला. म्हणजे सांध्यात लांब सुईने रंगाचं औषध सोडतात आणि मग एमआरआय काढतात. सुईपेक्षा मशीनमध्ये न हलता पडून राहणं जड गेलं. रिपोर्टसाठी थांबलो तेव्हा वेटिंग रूममध्ये सगळ्या देशांची माणसं होती आणि सगळ्यांचे चेहरे एकसारखेच दिसत होते.

रिपोर्टमध्ये लॅब्रल टेअर निघालं. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. त्या वाटीच्या काठाला रबरासारखी कड असते, ती लॅब्रम. कुकरच्या झाकणाची रिंग असते ना, तशी. माझी ती रिंग फाटली होती. शिवाय हाडावर एक उंचवटा वाढला होता आणि प्रत्येक किकला तो रिंगेवर घासत होता. याला इम्पिंजमेंट म्हणतात.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. किक मारणं कायमचं सोडायचं आणि व्यायामावर भागवायचं. नाहीतर आर्थ्रोस्कोपी, म्हणजे बारीक छिद्रांतून कॅमेरा आत घालून रिंग शिवायची आणि हाड तासायचं. मी विचारलं, ऑपरेशननंतर मी पुन्हा मारू शकेन का?

"यू विल वॉक. यू विल रन. यू विल प्ले विथ युअर डॉटर," ते म्हणाले. मग थांबले. "किकिंग, इन्शाल्ला."

इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, 'देवाची इच्छा असेल तर' म्हणणाऱ्या या शब्दात सगळं मावतं. कस्टम्सचा क्लार्क "इन्शाल्ला" म्हणाला की मी शिपमेंट त्या दिवशी येणार नाही असं धरून चालायचो. डॉक्टरांच्या तोंडून आता तोच ऐकला.

परतताना लेकीला शाळेतून गाडीत घेतलं. घराजवळ, अल कुसैसच्या सिग्नलला प्रिया म्हणाली, "अहो, चालता येणार, पळता येणार. बास की. गोदामातले जुने मॅनेजर अजून बोलावतायत. ज्या लाथेची गॅरंटी डॉक्टर देत नाहीत, तिच्यासाठी चांगलं अंग कशाला कापून घ्यायचं?"

तिचं चुकत नव्हतं. पण मला आतून ठाऊक होतं की किक न मारता मी नुसता जिवंत राहीन आणि घरात सगळ्यांना त्याचा त्रास होईल. तेवढंच तिला सांगितलं. सात वर्षांची सई मागच्या सीटवरून म्हणाली, "पप्पा, जस्ट फिक्स इट."  ऑपरेशनच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून प्रियानेच सही केली, पण पेन आपटून ठेवलं.

ऑपरेशनची सकाळ मला फारशी आठवत नाही. भूल देणारे इजिप्शियन डॉक्टर मास्क लावताना "यल्ला हबीबी", म्हणजे चला मित्रा, म्हणाले, एवढं आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा पाय माझा वाटतच नव्हता. डॉक्टर जेकब येऊन म्हणाले की रिंग चांगली शिवली गेली, पुढचं काम तुमचं.

पुढचं काम म्हणजे कुबड्या, कमरेपासून मांडीपर्यंत पट्टा आणि संडासला जायलाही सोबत. प्रियाची माया आणि राग दोन्ही एकाच हातातून यायचे. भाकरी समोर ठेवायची आणि म्हणायची, खा, लाथा मारायच्यात ना. बाहेर उन्हाळा पेटला होता. मी हॉलमध्ये खिडकीच्या दांडीला धरून पाय मागे-पुढे नेत होतो. दुबेजी स्वतःहून घरी यायचे आणि आल्या आल्या एकच फर्मान सोडायचे, "उंगली रखिए." रोज. शब्दांवर आता त्यांचाही विश्वास उरला नव्हता.

तुमच्यापैकी कुणाला हे दुखणं आलं, किंवा दुसरं कुठलंही आलं, तर माझं ऐका. दुखण्याचं भाषांतर करू नका. लाज गुंडाळून ठेवा आणि दुखतंय तिथे बोट ठेवा. आणि बरं होताना घाई सुटली, की कोपऱ्यातल्या कुबड्यांकडे बघा. मी बघायचो. दोनदा हट्टाने पाय उंच नेला आणि दोन्ही वेळा दुबेजींची बोलणी खाल्ली. तिसऱ्यांदा शहाणा झालो.

पुढच्या हंगामाचा सराव कॅम्प जवळ आला. कोचने दुसरा किकर बोलावून ठेवला होता. पहिल्या दिवशी मारून दाखव, मग ठरवू, असा त्याचा निरोप आला. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण पूर्ण जोराची किक मी अजून मारलेली नव्हती. कॅम्पला सगळ्यांसमोर पहिली मारण्याआधी मला स्वतःला कळायला हवं होतं. उजाडताना अल कुसैसच्या पार्कात जायचं ठरवलं. चेंडू उभा करायचं स्टँड सापडेना. दारात बूट घालणारी प्रिया म्हणाली, "मी धरते."

पार्कात उन्हं यायची होती, तरी घाम फुटला होता. ती गवतावर गुडघा टेकून बसली. मी चेंडू उभा करून दाखवला, वरून एकच बोट, हलायचं नाही. तिने बोट ठेवलं. आयुष्यात मी हजारो किक मारल्या असतील, पण समोर बायकोचं बोट असताना मारायची वेळ पहिलीच.

"अहो," ती म्हणाली, "माझं बोट सांभाळा." आणि डोळे गच्च मिटून घेतले.

मी मागे गेलो. पळत आलो. लाथ बसली तेव्हा तो जुना, भरीव आवाज आला, जो मी सगळा उन्हाळा ऐकला नव्हता. चेंडू दिव्याच्या दोन खांबांमधून, वरून, पलीकडच्या झाडांमागे गेला. मी तसाच एका पायावर उभा राहिलो, चमक यायची वाट बघत.

प्रियाने डोळे उघडले. चेंडू कुठे गेला ते तिने पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "दुखलं? कुठं? बोट ठेवून दाखवा."

मी मांडी चाचपली. जांघ चाचपली. खुब्यापर्यंत बोट फिरवलं. ठेवायला जागाच सापडेना. डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी पुसलं नाही.

ती उठली, गुडघ्याचं गवत झटकलं, झाडांमागे जाऊन चेंडू शोधून आणला आणि पुन्हा त्याच जागी टेकून बसली.

"आणखी एकदा मारा," ती म्हणाली. "या वेळी डोळे उघडे ठेवते."